चाळीस फूट आणि नऊ इंच

तासगावच्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीला निघतो. दोरखंड धरून माणसेच तो ओढतात. त्या दिवशी आसपासच्या माड्यांवर आणि गच्च्यांवर आता कॅमेरेवाल्यांचीही गर्दी असते. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या कॅमेऱ्यांना हातभर लांब नळी दिसते. ती पाहून मुले गुरुजींना विचारतात, ‘एवढी मोठी लेन्स कशाला? लांबचे दिसते म्हणजे नक्की काय होते?’ शाळेच्या ग्रंथालयासाठी, पक्षिनिरीक्षणासाठी किंवा सागरेश्वरच्या सहलीसाठी एखादा चांगला कॅमेरा घ्यावा, असे ठरवणाऱ्या शिक्षकांपुढेही हाच प्रश्न असतो, फक्त तो पैशांच्या भाषेत असतो. त्याचे उत्तर दुकानदाराकडून मिळण्यापूर्वी इतिहासाकडून घ्यावे असे आम्हाला वाटते, कारण हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी अतिशय स्वच्छ रीतीने मांडला गेला होता.

तारीख होती 22 जानेवारी 1898. त्या दिवशी दुपारी खग्रास सूर्यग्रहण होते आणि चंद्राच्या सावलीचा पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे वऱ्हाडात आणि पुढे गंगेच्या खोऱ्यात गेला. नकाशावर विजयदुर्ग आणि सोलापूर जिल्ह्यातील जेऊर ही दोन ठिकाणे पट्टीने जोडा. रेघ कऱ्हाडच्या अंगावरून जाते आणि तासगाव तिच्या आग्नेयेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, सावलीच्या पट्ट्याच्या अगदी कडेला येते. वर्गात हा उद्योग जरूर करावा. आपले गाव आकाशातील घटनेच्या किती जवळ होते हे मुलांना एका रेघेत कळते.

तासगावच्या पटवर्धनांचा ग्रहणांशी आणखी एक दूरचा संबंध जोडता येईल. परशुरामभाऊंच्या वंशात पुढे जमखंडी आणि तासगाव अशा दोन शाखा झाल्या. तासगाव 1848 साली इंग्रजांनी खालसा केले, जमखंडी राहिली. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी त्याच जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसला होता. हा प्रसिद्ध ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचा मुलगा. ग्रहण सुटेपर्यंत ढगांनी त्याला छळले, तरी सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या तेजस्वी रेषा त्याला दिसल्याच. (याच ग्रहणात लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला असे आपल्याकडे अजून सांगितले जाते. 1868 साली लॉकियर इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गावर तो आला तो 1898 साली. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्या वेळचे आहेत.)

असो. 1898 सालाकडे वळू. मुंबई इलाख्यात प्लेगची साथ होती, तपासण्या आणि छावण्यांनी प्रवास जिकिरीचा झाला होता. तरीही परदेशी पथके आली. लॉकियरने विजयदुर्गावर ‘मेल्पोमिनी’ या लढाऊ जहाजावरील खलाशांना हाताशी धरून मोठा तळ उभारला. जेऊरला अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांचा मुक्काम होता. त्याच गावी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचेही पथक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या तख्तसिंहजी वेधशाळेचे ते प्रमुख. जेऊरच्या वेधांचा त्यांचा सविस्तर अहवाल 1902 साली छापला गेला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव येत नाही, ते यायला हवे. आणि वऱ्हाडात, रेल्वेच्या रुळांजवळच्या तळणी या लहानशा गावी, ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींबरोबर एडवर्ड माँडर आणि ॲनी माँडर हे दांपत्य होते.

आता जेऊर आणि तळणी येथील दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

कॅम्पबेल यांच्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर होते 40 फूट. भिंगाचा व्यास मात्र अवघा 5 इंच. शेबर्ले या ज्योतिर्विदाने हा कॅमेरा प्रथम 1893 च्या ग्रहणासाठी चिलीमध्ये वापरला होता. तेथे डोंगराचा उतार मिळाला, त्यावर नळी टेकवता आली. जेऊरचे माळरान सपाट. दुपारी सूर्य आकाशात अर्ध्याहून वर असणार, म्हणजे भिंग उंचावर हवे. म्हणून लाकडी मनोरा बांधून त्याच्या माथ्यावर भिंग बसवले, वाऱ्याचा धक्का लागू नये म्हणून त्याभोवती कापड लावलेला दुसरा, अलग मनोरा उभा केला आणि काचेची प्लेट खाली खड्ड्यात ठेवली.

एवढा खटाटोप कशासाठी? सूर्याच्या प्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे एकशेसातावा भाग असतो. आकडा करून पाहा. 40 फूट म्हणजे 12.19 मीटर. प्रतिमा सव्वाअकरा सेंटिमीटरची, म्हणजे लहान ताटलीएवढी येते. आपल्या नेहमीच्या 50 मिलिमीटरच्या लेन्सने सूर्य अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, टाचणीच्या डोक्याहून बारीक येतो. 300 मिलिमीटरच्या लेन्सनेसुद्धा पावणेतीन मिलिमीटरच. लांबच्या लेन्सचे मर्म एवढेच आहे. ती वस्तूला जवळ आणत नाही, प्रतिमा मोठी करते आणि आजूबाजूचे सगळे चौकटीबाहेर टाकते.

पण या मोठेपणाची किंमत मोजावी लागते, आणि ती तीन ठिकाणी. पहिली किंमत प्रकाशाची. नाभीय अंतराला भिंगाच्या व्यासाने भागले की येणाऱ्या आकड्याला छायाचित्रकार ‘एफ’ म्हणतात. येथे 480 भागिले 5, म्हणजे 96. तेवढाच प्रकाश मोठ्या प्रतिमेवर पसरल्यामुळे ती फिकट होते. दुसरी किंमत हलण्याची. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ही प्रतिमा प्लेटवर एका सेकंदात जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. म्हणून खड्ड्यातील प्लेट घड्याळी यंत्राने त्याच वेगाने सरकवण्याची सोय करावी लागली. मनोऱ्याचा दुहेरीपणाही याचसाठी. आज लांब लेन्स हातात धरून फोटो घेणाऱ्याचा फोटो हलतो तो याच नियमाने. हाताची थरथर तेवढीच असते, पण प्रतिमेबरोबर तीही मोठी होते. तिसरी किंमत, अर्थातच, लांबी, वजन आणि पैसा.

आता तळणी. ॲनी माँडर केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या. ग्रीनिच वेधशाळेत त्या गणनेचे काम करीत. 1895 साली लग्न झाल्यावर त्यांना ती नोकरी सोडावी लागली, कारण विवाहित स्त्रियांना तेथे ठेवत नसत. गर्टन कॉलेजच्या संशोधन अनुदानातून त्यांनी स्वतःचा लहान कॅमेरा सिद्ध केला होता. त्यातील डॉलमेयर कंपनीच्या लेन्सचा व्यास दीड इंच आणि नाभीय अंतर 9 इंच. एफ म्हणजे 6. तिच्यातून सूर्य जेमतेम 2 मिलिमीटरचा येणार! चाळीस फुटी कॅमेऱ्यापुढे हे खेळणेच. पण 96 भागिले 6 म्हणजे 16, आणि 16 चा वर्ग 256. प्लेटच्या तेवढ्याच जागेवर या खेळण्यातून अडीचशे पट प्रकाश पडत होता.

खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. कॅम्पबेल यांच्या प्लेटांवर सूर्याच्या कडेलगतच्या प्रभामंडलाचे बारकावे उमटले, कमानी आणि ज्वाला मोजता येण्याइतक्या मोठ्या. ॲनी माँडर यांच्या प्लेटवर उमटला प्रभामंडलाचा एक लांबच लांब किरण, सूर्याच्या त्रिज्येच्या कित्येक पट दूर अवकाशात गेलेला. तोपर्यंत एवढा लांब किरण कोणाच्याच छायाचित्रात आला नव्हता. चाळीस फुटी कॅमेऱ्यात तो येणे शक्यच नव्हते. एक तर तो फार फिकट, आणि दुसरे म्हणजे त्याचे टोक प्लेटच्या बाहेर जाणार. दोन्ही कॅमेऱ्यांनी आपापले काम चोख केले. कोणता ‘चांगला’ हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. काय पाहायचे आहे ते दोघांनीही आधी ठरवले होते.

या डॉलमेयर कंपनीचा मालक टॉमस डॉलमेयर याने 1891 साली दूरछायाचित्रणाच्या खास लेन्सचे पेटंट घेतले होते. त्याच सुमारास जर्मनीत मीथे आणि स्टाइनहाइल यांनीही स्वतंत्रपणे तीच युक्ती साधली. युक्ती अशी की नाभीय अंतर लांब, पण नळी आखूड. ती शाळेतील भिंगांच्या पेटीत करून दाखवता येते. 20 सेंटिमीटर नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग घ्या. त्याच्या मागे 15 सेंटिमीटरवर 10 सेंटिमीटरचे अंतर्गोल भिंग ठेवा. लांबच्या झाडाची प्रतिमा अंतर्गोल भिंगाच्या मागे 10 सेंटिमीटरवर पडद्यावर मिळेल, आणि ती 40 सेंटिमीटरच्या भिंगाने मिळते तेवढी मोठी असेल. म्हणजे 40 चे काम, पण पुढच्या भिंगापासून पडदा फक्त 25 सेंटिमीटरवर. छायाचित्रकार ज्याला टेलिफोटो म्हणतात ते हेच. नुसत्या लांब नाभीय अंतराच्या भिंगाला टेलिफोटो म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. कॅम्पबेल यांचा मनोरा टेलिफोटो नव्हता.

पेटी मांडलेलीच आहे तर अंतर्गोल भिंग एक सेंटिमीटर पुढे, बहिर्गोल भिंगाकडे सरकवा. आता नाभीय अंतर 50 सेंटिमीटर होते. मूळ जागेवरून एक सेंटिमीटर मागे नेले तर 33. दोन सेंटिमीटरच्या हालचालीत प्रतिमा दीडपट! झूम लेन्सचे बीज येथे आहे. पण दर वेळी पडदाही सरकवावा लागतो हे मुलांच्या लक्षात आणून द्या, कारण झूम लेन्सचा सारा इतिहास या त्रासाविरुद्धचा आहे. प्रतिमेचा आकार बदलावा, पण पडदा जागचा हलू नये. त्यासाठी भिंगांचा आणखी एक गट हवा आणि दोन्ही गट वेगवेगळ्या गतीने, तरीही एकमेकांशी मेळ राखून सरकायला हवेत. 1901 साली क्लाइल ॲलन याने अमेरिकेत यासाठी अर्ज करून पेटंट मिळवले. 1932 साली लेस्टरच्या टेलर-हॉब्सन कंपनीने ‘वारो’ ही 40 ते 120 मिलिमीटरची झूम सिनेमासाठी काढली. स्थिर छायाचित्रणाच्या 35 मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम 1959 साली आली, फ्रँक बॅक यांनी रचलेली 36 ते 82 ची ‘झूमार’. त्याच वर्षी निकॉनने 85 ते 250 ची टेलिफोटो झूम जाहीर केली. पुढे रंगांची झालर घालवण्यासाठी फ्लोराइटचे स्फटिक आणि विशेष काचा आल्या, आणि 1995 साली कॅननने हाताची थरथर भरून काढणारी झूम आणली. जेऊरच्या दुहेरी मनोऱ्याचे आणि घड्याळी यंत्राचे काम आता नळीच्या आतील एक सरकते भिंग काही अंशी करते.

मग तासगावात कोणती लेन्स घ्यावी? रथाच्या दिवशी भाद्रपदातले आभाळ बहुधा भरलेले, रथ हलता, माणसे धावती. तेथे 200 मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी, पण एफ 2.8 असलेली झूम उपयोगी. तिच्या तोंडाचा व्यास निदान 71 मिलिमीटर हवा. तेच एफ 5.6 असेल तर 36 पुरतो. व्यास दुप्पट झाला की काचेचे वजन ढोबळ मानाने आठपट होते, प्रकाश मात्र चौपटच मिळतो. किंमत का भडकते ते येथे समजते. सागरेश्वरला सकाळच्या उन्हात उभे हरीण टिपायचे असेल तर 300 किंवा 400 मिलिमीटर आणि एफ 5.6 सुद्धा चालेल, पण तिकाटणे हवे. पक्ष्यांना 400 देखील अपुरी पडते. आणि शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी यांतले काहीच घेऊ नये. तेथे माँडर बाईंच्या जातीची, लहान पण उजळ लेन्स हवी, आणि ती तुलनेने स्वस्त असते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ‘300 ची लेन्स 450 होते’ असे सांगतात, तेही तपासून घ्यावे. लेन्स तीच, प्रतिमा तेवढीच, फक्त कडा कापलेल्या.

ग्रहणाचे फोटो घेण्याची हौस असणाऱ्यांसाठी एक सूचना. 2 ऑगस्ट 2027 ला आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास ग्रहण आहे, पावसाळ्याने दिसू दिले तर. 20 मार्च 2034 ला खग्रास पट्टा लडाखच्या बाजूने भारताला स्पर्श करील. खंडग्रास सूर्यावर लांब लेन्स रोखताना सूर्यासाठीचे खास फिल्टर लेन्सच्या पुढे बसवावे, मागे नव्हे. लेन्समधून एकवटलेल्या उन्हाने मागचे फिल्टर तडकू शकते. आरशाच्या कॅमेऱ्याच्या नेत्रिकेतून फिल्टरशिवाय सूर्याकडे पाहिल्यास डोळा क्षणात कायमचा अधू होतो, आणि दृष्टिपटलाला वेदना नसल्याने मुलाला ते त्या वेळी कळतही नाही. ग्रहणाच्या दिवशी कॅमेऱ्याजवळ शिक्षकाने स्वतः उभे राहावे.