अंतर्गत प्रश्न कोणी ठरवायचा?

साम्राज्यसत्तेचा एक आधार तोफा व आरमार यांच्याइतका डोळ्यांत भरत नाहीं. कोणता प्रश्न जगापुढें यावा आणि कोणता घराच्या भिंतींआड राहावा, हें ठरविण्याचा अधिकार हा तो आधार होय. त्याला १९४६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच आमसभेंत आव्हान मिळालें, आणि तें दिलें अद्यापि स्वतंत्र न झालेल्या हिंदुस्थानानें.

दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतीं १८६० पासून हिंदी मजूर करारानें नेण्यांत आले. उसाच्या मळ्यांना त्यांचे श्रम हवे होते. पुढें त्यांचीं मुलेंबाळें जमिनी घेऊं लागलीं, व्यापार करूं लागलीं, तेव्हां मात्र त्यांचा शेजार गोऱ्यांना खुपूं लागला. १९४६ च्या कायद्यानें हिंदी लोकांच्या जमीनधारणेवर कडक बंधनें घातलीं. हिंदुस्थान सरकारनें व्यापार तोडला व तक्रार आमसभेकडे नेली.

हिंदी शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या श्रीमती विजयालक्ष्मी पंडित. प्रतिपक्षीं होते पंतप्रधान स्मट्स. हा आमचा अंतर्गत प्रश्न असून सनदेच्या दुसऱ्या कलमाप्रमाणें इतरांनीं त्यांत पडूं नये, असें स्मट्स यांचें म्हणणें. मौज ही कीं, मानवी हक्कांची ग्वाही देणाऱ्या त्याच सनदेची प्रस्तावना रचण्यांत त्यांचा हात होता! हिंदी पक्षानें बोट ठेवलें तें सनदेवर आणि १९२७ च्या केपटाउन करारावर. ज्यांच्याविषयीं दोन सरकारांनीं करार केला, त्यांचा प्रश्न एकाच घरचा कसा?

८ डिसेंबर १९४६ रोजीं ठरावाला ३२ मतें अनुकूल व १५ प्रतिकूल पडलीं. ब्रिटन व अमेरिका विरोधकांत होते; तरीही दोनतृतीयांशांची अट पुरी झाली.

आफ्रिकेंतील हिंदी माणसाच्या पदरांत त्या दिवशीं कांहींच पडलें नाहीं. उलट १९४८ सालीं तेथें नॅशनल पक्ष अधिकारारूढ झाला आणि वर्णभेद हें राज्याचें उघड धोरण बनलें. बहुसंख्य आफ्रिकी जनतेचा प्रश्न त्या ठरावांत नव्हताच. तो १९५२ सालीं आमसभेपुढें आला, व त्या राज्यव्यवस्थेचा अंत होण्यास १९९४ साल उजाडावें लागलें.

मात्र एकदां उघडलेलें दार पुन्हां बंद झालें नाहीं. पोर्तुगालनें गोव्याला आपला सागरपार प्रांत म्हणून हीच ढाल पुढें केली, तेव्हां १९६० सालीं आमसभेनें ती अमान्य केली. दुर्बळांच्या हातीं त्या मतदानानें शस्त्र आलें नाहीं; आपलें गाऱ्हाणें कोठें मांडावें, हें ठरविण्याचा हक्क मात्र आला.