अक्षरं फुकट मिळाली, आपण ती वापरली का?

मंडळी, वेबसाइट बनवून देणारी पोरं आता तालुक्याच्या गावातही गल्लोगल्ली आहेत. पतसंस्था, शाळा, बाजार समिती, नगरपरिषद, सगळ्यांनाच साइट हवी असते. या पोरांना लागणारं बहुतेक साहित्य नेटवर फुकट आहे. पण ते फुकट कसं झालं, हे कुणी सांगत नाही. मराठीपुरतं तरी ते माहीत हवं. त्यात आपल्या माणसांचं काम आहे, आणि आपलं नुकसानही.

सुरुवात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत झाली. टिम बर्नर्स-ली यांनी तिथं वर्ल्ड वाइड वेब घडवलं आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्याचं सॉफ्टवेअर जगाला मोकळं करून दिलं. रॉयल्टी नाही, परवानगी नाही. वर कुठल्याही पानाचा एचटीएमएल कोड ब्राउझरमध्येच उघडून बघायची सोय. एक अख्खी पिढी अशी दुसऱ्याची वही बघून शिकली. पुढे २००५ मध्ये मोझिलाने डेव्हलपरांसाठी माहितीचं भांडार सुरू केलं, तेच आजचं एमडीएन. २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो आणि गिटहब आले.

मराठीची गाडी मात्र अक्षरापाशीच अडली. खरं तर रस्ता तयार होता. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आराखड्यावर बेतलेली होती. म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक.

पण आमच्या छापखान्यांत आणि डीटीपी सेंटरांत राज्य होतं कंपन्यांच्या फॉन्टचं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले, प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. कागदावर छापून आलं की काम झालं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. वेबवर मात्र वाचकाकडे तोच फॉन्ट नसला की पानभर चिन्हांचा कचरा. आणि सर्चमध्ये नाव टाकलं तर सापडणार काय, कपाळ?

कोंडी हळूहळू फुटली. अक्षरकार र. कृ. जोशी यांचा 'मंगल' फॉन्ट विंडोज २००० सोबत घरोघरी आला. लिनक्सवाल्यांना रेड हॅटमुळे 'लोहित' मिळाला. २००५ मध्ये फॉन्टसाठी खुला परवाना आला: वापरा, बदला, वाटा, फक्त नुसता फॉन्ट विकू नका. २०१० मध्ये गूगल फॉन्ट्स सुरू झालं. मुंबईच्या 'एक टाइप'ने घडवलेले 'मुक्त' आणि 'बलू' तिथं आज कुणालाही एक पैसा न देता मिळतात.

पोरांनो, एक बारीक गोष्ट. मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे दिसतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद करा; फॉन्टमध्ये सोय असेल तर आपले ल-श आपोआप येतात. यालाही खर्च शून्य.

आता मुद्द्याचं. केंद्र सरकारने २००९ मध्येच ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हे मानक ठरवलं. तरीही आजही कितीतरी ठिकाणी ठराव, निविदा, याद्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात किंवा कागद स्कॅन करून चढवले जातात. ते डोळ्यांना दिसतं, पण शोधता येत नाही. अंध माणसाच्या मोबाइलला वाचून दाखवता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या माहिती जाहीर, प्रत्यक्षात कुलूपबंद. आम्हा पत्रकारांचीही तीच गत: छोट्या साप्ताहिकांचे वीस-वीस वर्षांचे अंक जुन्या फॉन्टच्या फायलींत, सीड्यांवर पडून आहेत. फॉन्ट गेला, कॉम्प्युटर भंगारात गेला, की गावाचा तेवढा इतिहास गेला. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनंही नेटवर फुकट आहेत. बसून तपासणारा माणूस तेवढा लागतो.

म्हणून पुढच्या वेळी नगरपरिषदेची नवी वेबसाइट होईल, तेव्हा फिती कापणाऱ्यांना एकच विचारा: यातला ठराव मराठीत शोधला तर सापडतो का? सापडत नसेल, तर बिल कशाचं काढलं?