कोऱ्या कागदाचा वाटा

निसर्गचित्र म्हटलं की आपल्याला जलरंग आठवतात, तैलरंग आठवतात. चित्रकारानं जागेवर बसून वहीत केलेलं पोस्टकार्डाएवढं पेन्सिल-रेखाटन मात्र ‘कच्चं काम’ म्हणून मागे पडतं. या पुस्तकाचा विषय तेच कच्चं काम आहे. चित्रकारानं समोरच्या पसाऱ्यातून काय निवडलं आणि काय गाळलं, हे इथे जितकं उघड दिसतं तितकं रंगवून पूर्ण केलेल्या चित्रात दिसत नाही.

मुंबईतल्या कांजूरमार्गचंच उदाहरण घेऊ. पूर्व द्रुतगती महामार्गापलीकडे मिठागरं, मग तिवरं, मग ठाण्याची खाडी. मीठ काढायच्या दिवसांतलं दृश्य डोळ्यांपुढे आणा. मिठाच्या राशींना पेन्सिल लावायची गरजच नाही. मागचा तिवरांचा पट्टा मऊ ४बी पेन्सिलीनं गडद केला की राशीच्या जागी सोडलेला कोरा कागदच मीठ होतो. दुरावत जाणाऱ्या बांधांच्या दोन-तीन तिरप्या रेघांत मैलभर सपाटी मावते. विजेचे मनोरे कठीण २एचनं पुसट ठेवले की ते आपोआप लांब जातात. पेन्सिलीचे हे कठीण-मऊ प्रकार शक्य झाले ते १७९५ मध्ये फ्रान्सच्या कोंते यांनी शोधलेल्या पद्धतीमुळे: ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती जितकी जास्त, तितकी पेन्सिल कठीण आणि रेघ फिकी.

अशा कामाला मोठी परंपरा आहे. इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबल यांच्या १८१३ आणि १८१४ सालच्या खिशात मावणाऱ्या वह्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. आपल्या गावाभोवतीची शेतं, झाडं आणि नदी त्यांनी त्यांत टिपली आणि त्यांतलं बरंच पुढे मोठ्या तैलचित्रांत आलं. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापुरात परतले आणि रंकाळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा चितारत राहिले. दोघांचाही भर नव्या जागा शोधण्यापेक्षा ओळखीच्या जागेकडे परत जाण्यावर होता.

म्हणून रेखाटन एकटं पाहू नये. एकाच जागेची चार रेखाटनं शेजारी ठेवावीत. चारही वेळा जे टिकलं, ते चित्रकाराला त्या जागेचं मर्म वाटलं असणार. जे दर वेळी बदललं, तो त्या दिवसाचा उजेड किंवा हवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्यांच्या हाताला पेन्सिल ओळखीची आहेच, न बसलेल्यांनाही इथे मज्जाव नाही. पुढचं प्रकरण उघडण्याआधी घराच्या खिडकीतून दिसणारं दृश्य दहा रेघांत काढून पाहा. अकरावी रेघ कुठे हवी होती हे कळलं, की दुसऱ्यांच्या रेघा वाचायला तुम्ही तयार झालात.