पावकी, निमकी आणि घरचे बालगणित

मुलाला गणित घरीच शिकवावयाचे ठरले, की पहिला वाद पुस्तकाचा होतो. आमच्या नाशिकातील कोणत्याही सुशिक्षित घरी हा वाद ऐकावयास मिळेल. आजोबांचे म्हणणे, पावकी-निमकी पाठ झाल्याखेरीज हिशेब येत नाही. आईला शाळेच्या पुस्तकावाचून दुसरे काही नको असते. आणि वडिलांनी परदेशी ठोकळ्यांची एक पेटी आधीच मागवून ठेवलेली असते. मूल असते सहा वर्षांचे. या वयात गणिताची धास्ती बसली, तर ती पुष्कळदा जन्मभर पुरते. म्हणून, श्रोतेहो, हा वाद क्षुल्लक समजू नये. इतिहासाकडे पाहिल्याने त्याचा काही उलगडा होतो का, हे आज आपण पाहू.

पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अंक गिरवी आणि मग उजळणीस लागे. पाढे झाले की पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी अपूर्णांकांची रांग येई. दिवेलागणीस घरोघर परवचा चाले तो याच पाढ्यांचा. आज आपणास ही निव्वळ घोकंपट्टी वाटते. परंतु त्या काळच्या बाजारात उभे राहून पाहिले, म्हणजे तिचे मर्म ध्यानात येते. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. शेराचे अच्छेर, पावशेर, नवटाक आणि छटाक. अर्ध्याचे अर्धे आणि त्याचेही पुन्हा अर्धे, अशा रीतीने सारा व्यवहार चाले. सव्वा रुपया शेर भावाचे तूप अडीच शेर घेतले, तर सवायकी पाठ असलेला मुलगा कागदास हात न लावता तीन रुपये दोन आणे सांगून मोकळा होई. तेव्हा पावकी ही पंतोजींची लहर नव्हती. ती त्या बाजाराची गरज होती.

गणित आणि बाजार यांचे हे नाते फार जुने आहे. नाशिकच्या शेजारी खानदेशात, चाळीसगावजवळील पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद त्यात सापडते. या ग्रंथांपैकी ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीचा एक भाग म्हणजे 'लीलावती'. लीलावती हे काही बाळबोध पुस्तक नव्हे. तरीही तिच्या आरंभी आचार्य कोष्टके देतात ती व्यवहारातीलच. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म! एवढ्या थोर ज्योतिर्विदासही गणिताची सुरुवात कवडीपासून करण्यात कमीपणा वाटला नाही.

पुढे १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि पाठोपाठ शेराच्या जागी किलोग्रॅम आला. ज्या बाजाराने पावकी-निमकीस जन्म दिला, तो बाजारच उठला. मुले आळशी झाली म्हणून हे पाढे गेले, हा आरोप त्यामुळे टिकत नाही. मात्र पाव किलो, दीड लिटर, सव्वा तास हे शब्द अद्याप आपल्या जिभेवर आहेत. सबंध पावकी घोकून घ्यावयाचे कारण उरले नसले, तरी पाव, अर्धा आणि पाऊण या तिघांची ओळख मुलास पातेल्याने, पाण्याने आणि भाकरीच्या तुकड्यांनी करून दिली पाहिजे.

मराठी मुलाची दुसरी अडचण भाषेतच आहे. आपण 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि साठ मागून. लिहिताना मात्र सहा आधी लिहावयाचे. मूल कानाशी इमान राखते आणि ६३ चे ३६ होतात! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ उठला. मुलांना संख्या सुलभ व्हाव्यात, ही गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची भूमिका होती; भाषेचे वळण बिघडेल, हे विरोधकांचे भय होते. शाळेत हा वाद कठीण खरा. घरी तो सहज मिटतो. दहा-दहा काड्यांच्या सहा जुड्या बांधाव्यात, तीन काड्या सुट्या ठेवाव्यात, 'साठ आणि तीन' असे मोजू द्यावे, आणि मग सांगावे, "बाळ, यालाच आपल्याकडे त्रेसष्ट म्हणतात." कानाला शब्द मिळतो आणि हाताला अर्थ.

आता हिशेबापलीकडचे गणित. ते पाहण्यास दूर जावयास नको. आपल्या देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. चार अंक घ्यावे, सारे सारखे मात्र नसावेत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करून तीतून लहानात लहान संख्या वजा करावी, आणि उत्तरावर हाच प्रयोग पुन्हा करावा. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे नेहमी ६१७४च! या संख्येस आज जगभर कापरेकरांचे नाव आहे. यात वजाबाकीपलीकडे काही लागत नाही. जे मूल वजाबाकीची दहा उदाहरणे कंटाळत सोडविते, तेच हा खेळ आपण होऊन वीस वेळा करील.

तेव्हा निवड कशी करावी? पुस्तक जुने की नवे, देशी की परदेशी, हा प्रश्न दुय्यम आहे. ज्या पुस्तकातील गणित मुलाला रविवार कारंज्यावरच्या दुकानात ओळखू येते, जे पाठ करावयास लावण्यापूर्वी हाताळावयास देते, आणि "असे का?" या प्रश्नासाठी जागा ठेवते, ते घ्यावे. आणि आजोबांनाही निराश करू नये. पाढे त्यांनीच म्हणवून घ्यावेत, दिवेलागणीलाच. कारण परवच्याची खरी शिकवण पावकीत नव्हती. दिवसातून एकदा घरातील वडील माणूस मुलाजवळ गणितासाठी बसत असे, हीच ती शिकवण. ती कोणत्याही नाण्याबरोबर रद्द झालेली नाही.