वयाला सात गुण



मी वैद्य नाही आणि संख्याशास्त्रज्ञही नाही. कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेला, वाचनालयाच्या बाकावर शिकलेला माणूस आहे. परंतु आकड्याने माणसाची पारख करण्याचा प्रकार आमच्याही क्षेत्रात चालतो, आणि त्याच वाटेने मी या विषयापाशी येऊन पोहोचलो.

२०२० साली ब्रिटनमधील २६० रुग्णालयांतील नोंदींवरून संशोधकांनी करोनाच्या रुग्णांसाठी ‘फोर-सी’ नावाचा एक गुणतक्ता बसवला. यात गुण जितके अधिक तितका जिवाला धोका अधिक. एकूण गुण २१. वय, स्त्री की पुरुष, जुनी दुखणी, श्वासाचा वेग, रक्तातील प्राणवायू, शुद्ध, युरिया आणि शरीरातील दाह दाखवणारे एक प्रथिन, अशा आठ बाबी पाहावयाच्या. ३५,४६३ रुग्णांवरून हा आडाखा बांधलेला. तीनपर्यंत गुण असलेल्यांत शंभरी एखादाच दगावला. पंधरा व त्याहून अधिक गुणांच्या गटात शंभरी साठाच्या वर. आता गंमत पाहा. ऐंशी वर्षांच्या माणसाला निव्वळ वयाचे ७ गुण मिळतात, आणि पुरुष असल्याचा आणखी १. म्हणजे दम किती लागला आहे हे कोणी पाहण्याआधीच म्हातारबुवांच्या नावावर ८ गुण जमा! आणि नवव्या गुणापासून ‘मोठा धोका’ सुरू होतो.

हे ऐकून राग येतो खरा. पण तो आकडा खोटा नाही. लंडनमध्ये १८४७ च्या हिवाळ्यात इन्फ्लुएंझाची साथ आली, तेव्हा नोंदणी कचेरीतील विल्यम फार याने एरवीच्या हिवाळ्यातले मृत्यू आणि त्या हिवाळ्यातले मृत्यू यांची वजाबाकी मांडली. सुमारे पाच हजार माणसे जादा मेली होती, आणि त्यांत म्हाताऱ्यांचा भरणा मोठा होता. १९१८ ची साथ मात्र अपवाद ठरली. ती वीस ते चाळीस वयाच्या धट्ट्याकट्ट्यांवर तुटून पडली. त्या साथीत मुंबईत, तेव्हाच्या सरकारी परिभाषेतल्या ‘हलक्या जातींच्या हिंदूं’त हजारी ६१.६ माणसे मेली, तर युरोपियनांत ८.३. हा सातपटींहून मोठा फरक राहण्याच्या खोलीचा, ताटातल्या अन्नाचा आणि उशाशी पाणी द्यायला कोणी आहे की नाही याचा होता. फोर-सीच्या आठ बाबींत खोलीला रकाना नाही, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

गुण देण्याची ही तऱ्हा तशी जुनी आहे. १९५३ साली व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकन डॉक्टरबाईंनी नवजात बालकाला दहापैकी गुण देण्याची रीत प्रसिद्ध केली. हेतू हा, की कोणत्या बाळाकडे तातडीने धावायचे ते कळावे. २००३ मध्ये न्यूमोनियासाठी ‘कर्ब-६५’ आली. भ्रम, युरिया, श्वासाचा वेग, रक्तदाब आणि पासष्ट वर्षे वय, प्रत्येकी एक गुण. करोनात ती तोकडी पडली, कारण तिच्यात प्राणवायूच मोजलेला नव्हता, आणि हे रुग्ण तर प्राणवायू घसरलेला असतानाही स्वस्थ बसून बोलत असत.

माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट कॅनडातून आली. हॅलिफॅक्सच्या केनेथ रॉकवुड यांनी २००५ साली क्षीणतेची एक मोजपट्टी दिली. तिच्यात जन्मतारखेला गुण नाहीत. माणूस आजारी पडण्यापूर्वी, चांगला असताना, स्वतः बाजारहाट करीत होता काय, अंघोळ करीत होता काय, काठी लागत होती काय, असे प्रश्न विचारावयाचे. २०२० मध्ये ब्रिटनमधील दहा आणि इटलीतील एका रुग्णालयातील १,५६४ करोना-रुग्णांवरून दिसून आले, की वय किंवा जुनी दुखणी यांपेक्षा ही क्षीणताच परिणाम अधिक चांगला सांगते. ऐंशीचा एक रोज टेकडी चढतो आणि ऐंशीचाच दुसरा खाटेवरून उठत नाही, हे आपल्या आजीबाईंना ठाऊकच असते. अडचण एवढीच, की या प्रश्नांची उत्तरे घरची माणसे देतात, आणि त्या दिवसांत घरची माणसे बहुधा फाटकाबाहेर होती.

तरीही हीच मोजपट्टी चुकीच्या जागी लागली. इंग्लंडच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २० मार्च २०२० रोजी अतिदक्षता विभागात कोणाला न्यावे हे ठरवताना ती वापरण्यास सांगितले. अपंगांच्या संघटनांनी ओरड केली, की आमचा तरुण मुलगा जन्मापासून दुसऱ्याच्या हाताने जेवतो, म्हणून तो मरणाच्या दारी आहे काय? पाचच दिवसांत, २५ मार्चला, सूचना दुरुस्त झाली: तरुणांना, जुने व स्थिर अपंगत्व असणाऱ्यांना ही पट्टी लावू नये.

हे वाचताना मला एक कारखाना आठवला. तेथे कामगारांची आरोग्य-तपासणी सुरू झाली तेव्हा आम्ही स्वागत केले. सहा महिन्यांनी कळले, की त्याच कागदांवरून पन्नाशीपुढच्यांची ‘स्वेच्छानिवृत्ती’ची यादी निघाली आहे. रक्तदाबाचे आकडे अचूक होते. आम्ही त्यांच्याशी भांडलोच नाही. भांडलो ते यादीशी.

शिवाय भाकीत शिळे होते. फोर-सीचा तक्ता ज्या रुग्णांवरून बसवला ते २० मे २०२० पर्यंत दाखल झालेले. जूनमध्ये डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाचा निष्कर्ष आला: श्वासयंत्रावरच्या रुग्णांतील मृत्यू सुमारे तिसऱ्या हिश्शाने, तर नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांतील सुमारे पाचव्या हिश्शाने घटले. महिन्यापूर्वीचे गुण तेच राहिले, पण त्यांचा अर्थ बदलू लागला.

आणि डिसेंबर उजाडला. ब्रिटनमध्ये लस आधी कोणाला द्यावी याची यादी झाली, तिच्यात वृद्धाश्रमातील रहिवासी आणि ऐंशीवरची मंडळी अगदी वरच्या ओळींत होती. ज्या वयाने तक्त्यात सात गुण चढवले होते, त्याच वयाने त्यांना रांगेत पुढे आणले. ८ डिसेंबर २०२० रोजी कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात पहिली सुई टोचली गेली ती नव्वद वर्षांच्या एका बाईंना.