तळटीप : डब्ल्यूगेट

* डब्ल्यूगेट : संकेतस्थळांवरील फाइली आपोआप उतरवून घेणारे मुक्त स्रोत साधन. क्रोएशियाचे प्रोग्रामर ह्रवोये निकशिच यांनी ते १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ते ग्नू प्रकल्पात सामील झाले.

खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, बस्स. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येई त्या काळात मोठी फाइल संपत आली की नेमकी लाइन तुटायची आणि सगळे पहिल्यापासून करावे लागायचे. या साधनाच्या आज्ञेत ‘सी’ हे एक अक्षर घातले, की सर्व्हरची साथ असल्यास काम तुटले तिथूनच पुढे चालू होते. पानावरचे दुवे धरून अख्खे संकेतस्थळही ते उतरवते. अशा वेळी समोरच्या सर्व्हरवर ताण येऊ नये म्हणून दोन विनंत्यांमध्ये थांबण्याची सोय त्यात आहे, आणि ती वापरलीच पाहिजे.

अमेरिकी लष्कराची गोपनीय कागदपत्रे फोडल्याबद्दल चेल्सी मॅनिंग यांच्यावर चाललेल्या २०१३ च्या लष्करी खटल्यात ती उतरवण्याचे साधन म्हणून याचाच उल्लेख आला. पण तेवढ्यावरून त्याला चोराचे हत्यार ठरवणे अन्यायाचे होईल. २०१२ पासून ते अभिलेखागारांच्या ‘वार्क’ स्वरूपातही पाने जपून ठेवते. बंद पडणारी संकेतस्थळे वाचवणाऱ्या आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांना त्याचा मोठा आधार झाला.