खिडकी नक्की कोणाची?

समजा, जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. तुम्ही पार्ट आणून स्वतः एक झकास पीसी जोडलात. आता लॅपटॉपबरोबर आलेली विंडोज या नव्या मशीनवर टाकायला काय हरकत आहे? पैसे तर आपणच मोजलेत ना? ऑफिसातला आयटीवाला एका वाक्यात निकाल लावतो: "ओईएम आहे रे, मशीनबरोबर गेली." ही अट आली कुठून, याची गोष्ट मोठी मजेदार आहे.

मंडळी, त्यासाठी १९८१ सालात जावं लागेल. मायक्रोसॉफ्टने सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाच्या छोट्या कंपनीकडून एक ऑपरेटिंग सिस्टिम ५० हजार डॉलर्सना विकत घेतली. हीच पुढे डॉस झाली. आयबीएमच्या पीसीवर ती गेली, पण इतर उत्पादकांना विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. सिएटलवाल्यांनीही एक हक्क राखला होता: आपल्या हार्डवेअरबरोबर डॉस विकायची, रॉयल्टी न देता. धंदा मंदावल्यावर त्यांनी डोकं लढवलं आणि एका स्वस्त प्रोसेसरबरोबर डॉस विकायला काढली. नुसती चिप म्हणजे 'हार्डवेअर' का? मायक्रोसॉफ्ट भडकली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ९ लाख २५ हजार डॉलर्स देऊन ते मिटवलं. थोडक्यात, 'सॉफ्टवेअर कोणत्या खोक्याला बांधलेलं?' हे भांडण डॉसइतकंच जुनं आहे.

पुढे उत्पादक वाढले आणि मायक्रोसॉफ्टने 'पर प्रोसेसर' करार आणले. ठरलेल्या प्रोसेसरचं मशीन विकलं की त्यात डॉस असो वा नसो, मायक्रोसॉफ्टला पैसे द्यायचेच. मग दुसऱ्या कोणाची सिस्टिम कोण घालेल? जुलै १९९४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याबरोबर झालेल्या समझोत्यात हा प्रकार बंद झाला.

पण दोन किमती राहिल्याच. उत्पादकाला घाऊक भावात स्वस्त, दुकानातल्या डब्यात महाग. सॉफ्टवेअर मात्र तेच! स्वस्त माल सुटा बाजारात आला तर महाग डबा घेणार कोण? म्हणून अट: ही प्रत फक्त याच मशीनवर. मशीन विकलंत तर तिच्यासकट विका. अगदी मदरबोर्ड बदलला, तरी तो बिघडला म्हणून की हौसेने, हे बघितलं जातं. हौसेने बदललात तर मशीन 'नवं' आणि लायसन्सही नवं.

जर्मनीत एका व्यापाऱ्याने या अटीला आव्हान दिलं. 'फक्त नव्या पीसीबरोबर विक्रीसाठी' असं छापलेल्या प्रती तो सुट्या विकत होता. मायक्रोसॉफ्टने खटला भरला. ६ जुलै २००० रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला व्यापाऱ्याच्या बाजूने. प्रत एकदा तुमच्या संमतीने बाजारात आली की पुढे ती कशी विकायची, हे तुम्ही ठरवू शकत नाही.

हे तत्त्व नवं नव्हतं. एका अमेरिकन प्रकाशकाने कादंबरीत 'एक डॉलरपेक्षा कमीला विकू नये' असं छापलं होतं. मेसीज दुकानाने ती ८९ सेंट्सना विकली आणि १९०८ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकलंही. तरी त्याच अमेरिकेत, २०१० मध्ये, ईबेवर ऑटोकॅडच्या वापरलेल्या प्रती विकणारा माणूस अपिलात हरला. कारण? कंपनीने प्रत विकलीच नव्हती म्हणे, फक्त वापरायचा परवाना दिला होता! पुस्तक 'खरेदी', सॉफ्टवेअर 'परवाना'. एका शब्दाने सगळा खेळ बदलला.

युरोपने उलट टोक गाठलं. ३ जुलै २०१२ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ओरॅकलच्या खटल्यात सांगितलं की पैसे घेऊन कायमचा परवाना दिलात तर ती विक्रीच, डाउनलोड केलेली असली तरी. फक्त मूळ मालकाने स्वतःची प्रत निकामी करायला हवी.

ग्राहक जिंकला? थांबा. २००१ च्या एक्सपीपासून अ‍ॅक्टिव्हेशन आलंच होतं. मोठ्या ब्रँडची विंडोज बायॉसमधली खूण ओळखून चालू लागली होती. आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये, त्या निकालानंतर चारच महिन्यांनी, विंडोज ८ आली. आता ब्रँडेड मशीनवर स्टिकरवरची किल्लीसुद्धा उरली नाही, ती थेट मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये गेली. कराराची अट कोर्टात मोडता येते, पण चिपशी वाद कसा घालणार? तिथे ना वकील, ना न्यायाधीश. आणि ती चिप आपल्यासारखेच कुठले तरी इंजिनिअर्स प्रोग्रॅम करतात.

असो. नवा पीसी जोडताना विंडोज 'रिटेल' घेतलीत तर जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येते. ओईएम स्वस्त पडते, पण त्या खोक्याबरोबरच जगते आणि मरते. पैसे देण्याआधी बिलावर यातलं काय लिहिलंय, एवढं मात्र जरूर बघा.